कमानीच्या दिवशीचं मतदान

महायुद्ध संपलं होतं, लेव्ही संपली नव्हती. पिकलेल्या ज्वारीतला हिस्सा सरकारी गोदामात घालावाच लागे, आणि त्यात बियाण्यालाही सूट नव्हती. आमच्या अंगणात जमिनीखाली पेव होतं. त्यात पुढच्या पेरणीची ज्वारी लपवलेली, तेवढीच होती. चुलते जेवता जेवता उठून पेवाच्या तोंडावरची माती चाचपून येत.

मी गावात मास्तर. संध्याकाळी चावडीवर उर्दू अखबार वाचून दाखवायचो. निजाम हुजुरांची सवारी कुठं गेली, हे लोक दोनदा वाचायला लावत. हैदराबादेत कायदे करणाऱ्या सभेची निवडणूक आली, तेव्हा मात्र सगळ्यांना तंबाखू मळायची आठवण झाली. मत जमिनीचा पट्टा नावावर असलेल्या मोजक्या पट्टेदारांनाच होतं. आमच्या घरात ते चुलत्यांना. शेतकऱ्यांच्या जागेसाठी दोघे उभे होते. ढोकीकडचा एक शेतकरी बियाणं लेव्हीतून वगळा म्हणत होता. दुसरा लेव्हीच्या गोदामाचा गुत्तेदार, ठेकेदारच. त्याच्या नावावर जमीन होती. त्यानं ती कधीतरी पाहिलीही असावी.

नेमका मतदानाच्याच दिवशी तालुकदारसाहेबांचा, म्हणजे आताच्या भाषेत कलेक्टरांचा, दौरा निघाला. गावातल्या झाडून सगळ्या गाड्या कमानीसाठी आंब्याचे टहाळे आणायला जुंपल्या.

"काका, कमान होईल उभी. तुम्ही तुळजापूरला जाऊन मत टाकून या."

"हुजूर वर बसल्यात, साहेब दारात येत्यात. मधल्या मेंबराचं काय काम, मास्तर?"

"नियम तिथं ठरतात."

"त्या सभेला लई अधिकार हाय व्हय?"

"फार नाही," मी म्हणालो. "पण उठून बोलायला तरी कुणी लागतंच."

"मग म्या साहेबालाच बोलतो की, तोंडावर."

साहेबांची मोटार कमानीखालून गेली. थांबली नाही. चुलते हात जोडून उभे होते. धूळ खाली बसेपर्यंत तसेच. तिकडे गुत्तेदार निवडून आला.

उन्हाळ्यात महसूल खात्याचा गिरदावर लेव्हीची तपासणी करायला आला. त्याच्या माणसांनी अंगणात जागोजाग लोखंडी सळई खुपसली. एका जागी ती सरळ आत गेली.

"बियाणं हाय, साहेब," चुलते म्हणाले.

गिरदावर सभ्य माणूस होता. "नियमात बियाणं वेगळं धरलेलं नाही. तो मला बदलता येत नाही, तालुकदारसाहेबांनाही नाही. सभेत तुमचे मेंबर आहेत की. त्यांना सांगा."

चुलत्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

पेव उघडलं की आधी दोरीला कंदील बांधून आत सोडतात. हवा कोंडलेली असेल तर तो विझतो. मग पेव तसंच उघडं ठेवायचं, त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. एरवी कंदील जळत राहावा म्हणून आम्ही श्वास धरून वाकायचो. त्या दिवशीही वाकलो.

"इझ की रं," चुलते पुटपुटले.

ज्योत खाली गेली, बारीक झाली, आणि पुन्हा सरळ उभी राहिली. गिरदावराच्या माणसानं धोतर खोचलं आणि शिडी मागितली.