गुळातलं कैलास लेणं

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की पहिला निरोप रूपावहिनींना जायचा. रुखवत त्यांच्याच हातचं हवं असायचं. खोबऱ्याच्या वाट्यांवर कोरलेली वेलबुट्टी, साखरेचं तुळशीवृंदावन, शेवयांचा पिसारा फुलवलेला मोर. त्यांचा नवरा बन्सी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर. मी त्याच कारखान्याच्या हिशेब विभागात, आणि घरं समोरासमोर. त्यामुळे या माणसाला मी फार वर्षं जवळून पाहत आलो आहे.

बन्सीला रुखवतात काडीचा रस नव्हता. तो वहिनींचे डबे स्कूटरवर कार्यालयात पोहोचवायचा, खिशातली पाणसळ काढून टेबल सरळ आहे का ते बघायचा, एखाद्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचा आणि बाहेर पुरुषांत जाऊन उभा राहायचा. तिथं नवऱ्या मुलाची गाडी कोणती, ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा, बोअरला पाणी किती फुटांवर, अशा गप्पा चालायच्या. आत बायकांमध्ये त्या रुखवताचं पुढं काय होतं, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. "दोन दिसांत मुंग्या खातील असलं कामून करत बसते गं?" एवढंच तो वहिनींना म्हणायचा. त्या हसायच्या. "तुमच्या नटबोल्टाला मुंगी लागत नाय, म्हनून त्याला चव बी नाय," असं एकदा त्यांनी माझ्यासमोरच ऐकवलं होतं.

रूपावहिनी आजारपणात गेल्या. घरात बन्सी आणि मुलगी सोनिया दोघंच उरले. पुढं सोनियाचं सोयगावच्या सुदर्शनशी जमलं. मुलगा चांगला, स्वतःचं कृषी सेवा केंद्र चालवणारा. बैठकीला मी होतो. मुलाची आई गोजरबाई बोलायला फटकळ, पण मनानं मोकळी वाटली. देण्याघेण्याचा विषय निघताच ती म्हणाली, "आमाला कायबी नको. रुखवत तेवढं पोरीच्या मायच्या हातचं पायजे." बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं पदर तोंडाला लावला. बन्सीनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "व्हईल की."

घरी आल्यावर सोनिया त्याला म्हणाली, "पप्पा, भाड्यानं मिळतं आता. थर्माकोलचं घर, बाहुल्या, सगळा सेट. रात्री परत देऊन टाकायचा."

"तुझ्या मायनं साऱ्या गल्लीच्या पोरींचं केलं. अन् तुझंच भाड्यानं आनू?"

"मग करणार कोण?"

"मी."

सोनियाला हसू आलं आणि मग रडूही आलं. तिला भाड्याच्या थर्माकोलचं काही वाटत नव्हतं. आई नसलेली पोर म्हणून आपल्याकडं लग्नभर बघतील, याचं वाटत होतं. बन्सीलाही तेच वाटत होतं. ती त्या मंडपात आईवेगळी दिसू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

मोर आणि वृंदावनं आपल्या हाताला जमणार नाहीत, हे त्याला कळत होतं. काय करावं हे त्याला सुचेना. त्या रविवारी आम्ही वेरूळला गेलो. मी, माझी बायको प्रमोदिनी, बन्सी आणि सोनिया. घृष्णेश्वराला पत्रिका ठेवून लेण्याकडं वळलो. बन्सी थेट डोंगरावर चढला, कैलास लेण्याच्या वरच्या कडेला, आणि तिथून खाली बघत उभा राहिला. मीही त्याच्या शेजारी होतो. खरं सांगायचं तर माझ्या मनात, एवढी वर्षं हे काम मंजूर कोण करत राहिलं असेल, असा विचार चालला होता.

"साहेब," बन्सी म्हणाला, "ह्यानं वरून सुरुवात केली. आधी कळस, मंग खाली खाली. एकदा उडालेला टवका परत लावता येत नाय. लेथवर पन तसंच हाय. जास्त कापलं की हातातला जॉब भंगारात गेला."

खाली उतरलो तेव्हा प्रमोदिनी आणि सोनिया रावणाच्या शिल्पासमोर होत्या. रावण खालून कैलास हलवतो आहे, वर शंकर-पार्वती बसले आहेत.

"बन्सीभाऊ, ही दासी बघितलीत?" प्रमोदिनीनं विचारलं. "डोंगर हलल्याबरोबर घाबरून पळत सुटलीय."

"अन् पार्वतीनं कसा घट्ट हात धरलाय," सोनिया म्हणाली.

बन्सी शिल्पाच्या अगदी जवळ गेला. "इतक्यांदा आलो मी हितं. ही पळती बाई मला एकदाबी दिसली नाय." त्यानं पायथ्याच्या हत्तींकडं बोट केलं. "मी आपला हत्तीच बघायचो. सगळा लोड त्यांच्यावर हाय."

मी त्या दोघींकडं बघितलं आणि मग त्याच्याकडं. दगड एकच, पण एकाच्या नजरेला वजन दिसत होतं आणि दुसऱ्यांच्या नजरेला भीती.

परतीच्या वाटेवर बन्सी म्हणाला, "गुळाच्या ढेपेत कोरतो."

त्यानं स्वतः पत्र्याचा चौकोनी साचा केला आणि कन्नड तालुक्यातल्या ओळखीच्या गुऱ्हाळात जाऊन त्यात आटवलेला रस ओतून घेतला. पहिली ढेप मऊ निघाली. शिखर कोरतानाच खाली बसली. दुसरी गडद, दगडासारखी जमली. थंडीचे कोरडे दिवस होते. गच्चीवर पत्र्याच्या छपराखाली, कामावर जाण्याआधी, बन्सी त्या ढेपेपुढं बसू लागला. लेथच्या जुन्या टूलांना धार लावून त्यानं नखाएवढ्या पटाश्या केल्या होत्या. मी चहा घेऊन जायचो आणि चहा निवेपर्यंत बघत राहायचो. काळसर ढेपेतून आधी कळस वर आला, मग शिखराचे मजले, मग खांब, पायथ्याचे हत्ती आणि ती पळती दासी. उजेड पडला की खांबांच्या कडा लालसर दिसायच्या. गूळ दिसायचाच नाही. तो डोंगर वाटायचा आणि आपण त्याच्या वरच्या कडेला उभे आहोत असं वाटायचं.

एका हत्तीची सोंड मोडली तेव्हा मी म्हणालो, "पाकानं चिकटव की."

"वेरूळवाल्यानं कुठं चिकटवलं?" असं म्हणून त्यानं तो हत्ती सोंड आत वळवलेला केला.

गल्लीतल्या बायका येऊन बघून जायच्या. तोंडाला पदर लावून आश्चर्य करायच्या. त्याला सूचना कुणीच केली नाही. रूपाच्या नवऱ्याला रुखवतातलं काय सांगायचं, असं प्रत्येकीला वाटलं.

शेवटी प्रश्न मुंग्यांचा आला. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तरी त्या भिंतीवरून यायच्या. मग बन्सीनं लाकडी वस्तूंना मारतात तो लॅकर आणला आणि बारीक ब्रशनं सगळ्या लेण्यावर हात फिरवला. लेणं पावसात भिजलेल्या काळ्या दगडासारखं चमकू लागलं. "आता धा वर्सं काय व्हत नाय," तो म्हणाला. मीही मान डोलावली. मलाही तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

लग्न बीड बायपासच्या एका लॉन्सवर होतं. रुखवताच्या टेबलाभोवती जी गर्दी झाली तशी मी कुठल्या लग्नात पाहिलेली नाही. टेबलाच्या एका बाजूला पुरुष जमले, दुसऱ्या बाजूला बायका. तसं कुणी ठरवलं नव्हतं. मी मध्ये उभा होतो. दोन्ही कानांनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येत होत्या.

"ह्यो खांब भरीव हाय का पोकळ?" नवऱ्या मुलाचे वडील सर्जेराव विचारत होते.

"भरीव. पोकळ केला तर वरचा मजला बसंल."

"वजन काय असंल हो?"

"पटाशी बाजारची का घरची?"

वरपक्षातले वडीलधारे आप्पासाहेब वाकून, चष्मा सारखा करून म्हणाले, "काचंची पेटी करा. मारुतीच्या देवळात ठिवू. गावाला बघू द्या."

आणि दुसऱ्या बाजूला गोजरबाईची जाऊ केसरबाई म्हणत होती, "ही पळती बाई कोन? त्यानं हिला कामून कोरली असंल?"

"घाबरली असंल."

"मायच्या मागं पोरीचं जेवनखान कोन बघत व्हतं?"

"बापच. बघ ना, बोटं कशी कापलीत त्याची."

मी चकित झालो. पुरुषांपैकी कुणीही बन्सीच्या बोटांकडं बघितलं नव्हतं आणि बायकांपैकी कुणीही वजन विचारलं नव्हतं. तरी दोन्हीकडच्या डोळ्यांत सारखंच पाणी चमकत होतं.

पुरुषांची पंगत बसली. बन्सी टेबलाशीच थांबला. मीही त्याच्याजवळ. सोनिया शालू नेसून समोर खुर्चीत होती. गोजरबाईनं बांगड्या मागं सारल्या आणि म्हणाली, "चला गं. आता मोडू."

"मोडू म्हंजी?" बन्सीनं विचारलं.

"म्हंजी काय? रुखवत काय नुसतं बघायचं असतं व्हय? विहिनीनं पयला घास मोडायचा, मंग साऱ्या जनींनी. तुमच्या गोडाचा घास पोटात गेल्याबिगर पोर आमची कशी व्हईल?"

बन्सीचा चेहरा पांढरा पडला. "साहेब," तो माझ्या कानाशी पुटपुटला, "लॅकर."

आयुष्यभर त्यानं रुखवतं पोहोचवली होती आणि मांडली जाण्याआधी टेबलं सरळ केली होती. ती मोडली जाताना तो दर वेळी बाहेर ट्रॅक्टरपाशी उभा होता.

तो हलेना, तेव्हा बायकांना चेव आला.

"पाव्हन्याचा जीव लई गुळात हाय गं!"

"पोर द्यायला तयार झाला, अन् गूळ सुटंना!"

"राहू द्या, विहीनबाई, त्यांना मुंगी व्हऊन बसायचंय तिथं!"

हशा पिकला. तो ऐकून पंगतीतून काही पुरुष उठून आले. "मोडू नका हो! एवढं काम! पाप लागंल!" आप्पासाहेबांनी तर आडवा हातच धरला. गोजरबाईचा हात कळसापर्यंत गेला होता. सोनिया खुर्चीतून अर्धी उठली. तिला बापाच्या चेहऱ्यावरून काहीतरी चुकल्याचं कळलं होतं, काय चुकलं ते कळत नव्हतं.

"थांबा," बन्सी म्हणाला. "विहीनबाई, हात लावू नका. वरून लॅकर मारलाय. मुंग्या लागू नये म्हनून. खाता येनार नाय."

हसणं जागच्या जागी थांबलं. घास नाही म्हणजे नातं तोंडावर नाकारल्यासारखं. गोजरबाईनं हात मागं घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता, पण जे होतं ते रागाहून जड होतं. "पोटात जायचंच नव्हतं, तर मांडलं कुनासाठी?"

बन्सी त्या लेण्याकडं बघत राहिला. मला वाटलं, हा आता कोसळणार. पण त्याचे ओठ हलत होते. कारखान्यात जॉब हातात घेतल्यावर तो असाच मनाशी मोजमाप करायचा.

"आत हाय ना," तो म्हणाला. "लॅकर वरवर हाय. आत चांगला हाय."

टेबलाखाली त्याची हत्यारांची पिशवी होती. त्यानं त्यातली सगळ्यात मोठी पटाशी आणि हातोडी काढली. "बन्सी!" आप्पासाहेब ओरडले. त्यानं वर बघितलं नाही. कळसाच्या मधोमध पटाशी टेकवली, एकदा सोनियाकडं बघितलं आणि घाव घातला.

लेणं वरून खालपर्यंत दुभंगलं. पुरुषांच्या तोंडून एकदम "अरेरे" निघालं. बाहेरचा काळा चकचकीत डोंगर दोन बाजूंना पडला आणि मधून लालसर, रवाळ गूळ उघडा झाला. त्याचा वास मंडपभर पसरला. इतक्या जवळून, इतक्या दिवसांची मेहनत इतक्या शांतपणे सोडून देणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

बन्सीनं मधला खडा फोडून काढला, उजेडात फिरवून बघितला, आधी स्वतः चाखला. मग दुसरा फोडून गोजरबाईच्या हातावर ठेवला. तिनं त्याचे दोन तुकडे केले. एक सोनियाच्या तोंडात घातला आणि दुसरा आपल्या. ती सावकाश चघळत राहिली.

"गोड हाय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. "पर पाव्हनं, पुढच्या खेपंला शेवया करा. लवकर मोडत्यात."

मंडप पुन्हा हसला, या वेळी बन्सीसह. सोनिया येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्यानं फोडलेले खडे ती एकेकीच्या हातावर ठेवू लागली. केसरबाई, तिच्या मागं इतर, मग आमच्या गल्लीतल्या बायका, प्रमोदिनी. बन्सी लॅकरची कड तासून बाजूला टाकायचा आणि मधला गूळ पुढं सरकवायचा. प्रत्येकीचं तोंड हललेलं बघूनच दुसऱ्या खड्याला हात घालायचा.

बायकांच्या रांगेत सर्वांत शेवटी सर्जेराव उभे होते, जरा संकोचून. त्यांनी हातावर खडा घेतला आणि हळूच विचारलं, "ह्या पटाशीला पोलाद कोनतं वापरलं हो?"

"आधी खा, पाव्हनं," बन्सी म्हणाला. "आधी खा."