तेल मुरेपर्यंत

तिळतेलाचा वास आला की मला अजून त्या मालिशवाल्या बाई आठवतात. आम्ही धरमपेठेत राहत होतो तेव्हा वैद्यांकडून त्या रोज सकाळी आईला तेल लावायला यायच्या. पदर खोचून स्टोव्हवर तेलाची वाटी कोमट करायच्या. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, घुमी. "पोरीले तोंड देलं नाही का वं देवानं?" त्या विचारायच्या, आणि कॅन्सरने खंगलेली आई खुदकन हसायची.

आईला आस होती ती जुलाबाच्या औषधाची. ते घेतलं की रोग धुऊन निघेल, अशी तिची समजूत. पण त्याआधी अंगात तेल मुरावं लागतं. त्या रोज तिच्या पोटऱ्या चोळून म्हणायच्या, "अजून मुरून राहिलं, बाई. उद्या पाहू."

एकदा हात धुताना त्या मला हळूच म्हणाल्या, "तुह्या मायले जुलाब झेपणार नाही वं. वैद्यबी नाहीच म्हणते. पण तिले कसं सांगू?" मी त्यांच्यापुढे पंचा धरला.

पुढे आईने औषधाचं विचारणं सोडलं. सकाळी डोळे उघडले की एवढंच विचारायची, "त्या आल्या का गं?"