देवाला तिसऱ्या मजल्यावरून हाक

साऱ्या मालवणात देवाला सर्वांत जास्त कामाला लावणारा माणूस आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. जुन्या पेठेतल्या कौलारू घरांच्या गर्दीत आमचीच ती एक उंच इमारत, त्यामुळे आपली हाक देवाला आधी पोचते असा या काकांचा पक्का समज आहे. देवापुढे उभे राहून खड्या आवाजात गाऱ्हाणे घालायचे आणि जमलेल्यांनी दर मागणीला 'व्हय म्हाराजा!' म्हणायचे, ही आमच्याकडची रीत देवळात सगळेच पाळतात. काका ती पाण्याच्या पंपापुढेही पाळतात! एकदा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे नारळ ठेवून 'ह्येका बुद्धी दी रे म्हाराजा' म्हटले आणि नेमकी तेव्हाच वीज आली. झाले! तेव्हापासून वायरमनला फोन करण्याआधी आम्ही काकांची बेल वाजवतो. कोल्हापूरहून बदलून आलेल्या बँकेच्या साहेबांची नवी गाडी अडवून त्यांनी असेच गाऱ्हाणे घातले. साहेब बिचारे 'थँक्यू' म्हणाले. काका कडाडले, "थँक्यू खंयचा? व्हय म्हाराजा म्हणा!"

पण या माणसाचा जीव अडकला होता तो लिफ्टमध्ये. काकूंचे गुडघे गेलेले. कित्येक वर्षे त्या खाली उतरल्या नव्हत्या. बाजार, ओळखीपाळखी, सगळे गॅलरीतून. दर मीटिंगला काका लिफ्टचा विषय काढत आणि तळमजल्यावरचे चेअरमन दर वेळी तो हाणून पाडत, "आमका खालच्यांका लिफ्ट कित्याक?"

गेल्या खेपेला खाली पार्किंगमध्ये सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती आणि तिला लागूनच मीटिंग. गाऱ्हाणे अर्थातच काकांचे. "बा देवा म्हाराजा, ही जी काय मंडळी जमली आसत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या पोराबाळांका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बिल्डिंगीक लिफ्ट होवंदे, माझ्या बायलेचो पाय जमनीक लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पार्किंग दणाणले, आणि सर्वांत मोठा आवाज चेअरमनांचा! मग त्यांनी जीभ चावली, पण देवासमोर गेलेला शब्द मागे घेणार कोण? मीटिंगमध्ये हात वर करायची वेळच आली नाही.

लिफ्ट झाली. काकू उतरल्या तेव्हा अख्खी इमारत खाली जमली होती, टाळ्या काय, पेढे काय! काकूंनी चपला काढल्या, गल्लीत पाऊल टाकले आणि म्हणाल्या, "अगो बाय, माती खंय गेली? सगळे लाद्येच घातल्यानी!" आणि काकांना तिथेच सोडून तुरुतुरु नव्हे, पण आपल्या पायांनी, भिंतीला धरत मासळीवालीकडे निघाल्या.

मी हसत होते. मग एकाएकी डोळे भरून आले. लिफ्ट नव्हती तेव्हा माझी आई याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून शेवटची उतरली ती खुर्चीत, चौघांनी उचलून. आणि त्याआधी किती दिवस ती मला रोज विचारत होती, आज बाजारात कुठली मासळी आली आहे म्हणून.