द्यायची संत्री

रविवारच्या शेतकरी बाजारात कळमेश्वरकडची एक बाई हिवाळाभर संत्री घेऊन बसते. मी तिचं नाव कधी विचारलं नाही, तिनंही माझं नाही. तिच्यासमोर दोन ढीग असतात आणि गिऱ्हाईक वाकलं की ती एकच विचारते, “घरी खायाले, का कोणाले द्याले?”

खायचा ढीग डागाळलेला, ढिल्या सालीचा, पण गोड. द्यायचा चकचकीत आणि आंबट. मी एकदा “पुण्याच्या विहीणबाईंना पाठवायचीत” म्हटलं, तर तिनं त्यातलीही जास्त चकाकणारी वेचून दिली.

“दिसायला चांगली आणि गोड अशी नाहीत का?” मी विचारलं.

“असा संत्रा टोपल्यात एखादाच राह्यते, भाऊ. थो शोधत बसाव लागते. कोणासाठी बसू?”

हंगामाच्या शेवटच्या रविवारी तिनं आपणहून माझ्या हातात पिशवी दिली. “माह्याकडून. पैसे नोका देऊ.”

घरी येऊन उघडली, तर सगळी चकचकीत. म्हणजे इतक्या वर्षांनंतरही मी द्यायच्या ढिगातलाच. एकही न सोलता मी पिशवीला गाठ मारली आणि पुण्याला निघालेल्या जावयांच्या हाती दिली.

परवा विहीणबाईंचा फोन आला. “या वेळची संत्री काय गोड होती हो. तुमच्याकडून अशी कधी आलीच नव्हती.”

“सगळी गोड?”

“सगळी.”