समुद्र वाचवायला निघालो तेव्हा

समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. नव्वदच्या दशकात त्याला वाचवायला मात्र मोठ्या तोऱ्यात निघालो होतो.

नाशकात गंगेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी आमची फुलशेती होती. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. झेंडू, शेवंती आणि वडिलांचा युरिया. पानं पिवळी दिसली की ते मूठभर टाकत, हिरवी दिसली की तशीच राहावीत म्हणून आणखी मूठभर. उरलेलं पावसानं नाल्यात जाई. "जमीन पिती सगळं," असं ते म्हणत.

एका वर्षी कॉलेजात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी पडद्यावर हिरवंगार पाणी आणि मेलेली मासळी दाखवली. शेतातलं खत आणि शहराचं सांडपाणी नदीतून समुद्राला मिळतं, तिथं शेवाळ माजतं, ते कुजलं की माशांचा श्वास कोंडतो, असं त्यांनी समजावलं. "सुरुवात आपल्या बांधावर करा," म्हणाल्या. आम्ही कडकडून टाळ्या वाजवल्या आणि सुरुवात नदीवर केली. बांधावर फोटो काढायला कोण येणार?

खताच्या पाण्यावर पोसलेल्या पाणवेलींनी गंगा झाकून गेली होती. दर रविवारी आम्ही दहा-बाराजण त्या वेली काठावर ओढायचो. दोनच रविवारांत सगळ्यांच्या कमरा धरल्या. दसऱ्याआधी धरणातून पाणी सुटणार होतं. वेली बांबूंनी सुट्या करून त्या पाण्यात ढकलून द्याव्यात, अशी युक्ती निघाली. ती माझीच. पाणी सुटलं त्या दिवशी दुपारपर्यंत नदी लख्ख झाली. पेढे वाटले. पेपरात फोटो आला, त्यात बांबू घेऊन पुढे मीच. धाकट्या बहिणीला निफाडकडे, खाली गंगेकाठच्याच गावात दिलेली. तिला मी ते कात्रण कौतुकानं पाठवलं.

भाऊबीजेला गेलो. ओवाळताना ती म्हणाली, "दादा, तू पाठवलेलं दोन्ही पोचलं. कात्रण बी आन् वेली बी."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं शांतपणे सांगितलं. वेली त्यांच्या नदीवरच्या पाण्याच्या मोटारीवर येऊन थटल्या होत्या. पाइपाच्या तोंडाची जाळी सारखी तुंबे. दाजी छातीभर पाण्यात उतरून ती मोकळी करत आणि काठावर येईतो ती पुन्हा भरे. ऐन फुलोऱ्यातले टोमॅटो पाण्यावाचून वाळले.

"अगं, मग फोन नाही का करायचा?"

"पेपरात फोटू आला व्हता ना तुझा. कसं सांगायचं?"

शरमेनं मी ताटातली करंजी तशीच ठेवून उठलो.

घरी येऊन मी युरियाची गोणी कुलपात टाकली. वडील संतापले. "समुद्राची एवढी काळजी तुला कशापायी?" मी म्हटलं, "समुद्र राहू द्या बाबा, पोरीचं शेत तरी बघा." ते चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी निम्म्या खतावर तोड झाली आणि नाल्याकडेला मी गवताचा पट्टा सोडला, वाहून जाणारं खत अडवायला. फुलं काही कमी झाली नाहीत. त्याचं श्रेय वडिलांनी जमिनीच्या गुणाला दिलं.

पाणवेली काही गेल्या नाहीत. आख्ख्या शहराचं सांडपाणी एका गवताच्या पट्ट्यानं थोडंच अडतं! म्हणून पुढच्या हंगामापासून मी अधूनमधून बहिणीकडे जाऊन स्वतः पाण्यात उतरू लागलो. पहिल्याच खेपेला जाळीवरचा मोठा गठ्ठा सोडवला आणि मागच्यासारखाच धारेला लावायला वळलो.

"दादा, खाली नको सोडू," काठावरून ती ओरडली. "तिकडं बी कुणाची तरी बहीण दिलेली आसंल. वर वढ."

मी गठ्ठा खांद्यावर घेतला आणि काठाकडे निघालो.