माळ घालण्याआधीचे कटलेट

येत्या एकादशीला आपण माळ घालणार, असं आजोबांनी जाहीर केलं. म्हणजे गळ्यात तुळशीची माळ आणि मटण-मासे कायमचे बंद. ज्या माणसाने जन्मभर एक रविवार मटणावाचून जाऊ दिला नाही, त्याला अचानक पांडुरंग आठवला, यावर अंधेरीतल्या आमच्या दोन खोल्यांत कुणाचाच विश्वास बसला नाही. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे उरलेसुरले दात डॉक्टरने काढून टाकले होते आणि कवळी म्हटली की ते अंगावर यायचे. तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत, आमच्याकडे पाठ करून, एकटेच दूधभात खायचे. घास घेताना तोंडावर हात धरायचे. मला त्यांचा फार राग यायचा, कारण ते पंगतीला नसले की जेवण म्हणजे नुसतं गिळणं.

"माळ भक्तीने घालू देत, मी पाया पडेन," आई म्हणाली. "दातांपायी घातली तर जन्मभर कुढत बसतील." तिने ठरवलं, की रविवारी रात्री खिम्याचे कटलेट करायचे, असे की हिरड्यांनीही खाता यावेत. मरोळच्या गावठाणातली एक ख्रिस्ती बाई आमच्याकडे अंडी घेऊन यायची, तिच्याकडून आई ते शिकली होती. एकादशी बुधवारी होती आणि आमच्या घरी मटण शिजायचं ते फक्त रविवारी. म्हणजे हाच काय तो रविवार.

आणि नेमका रविवारी सकाळी आईला कावळा शिवला. तेव्हा असंच म्हणत. कावळा मला कधी दिसला नाही, पण आई मागच्या पडवीत चटईवर बसलेली दिसली. आता चुलीला, भांड्याला, कशालाच हात लावायचा नाही. यात सगळ्यात कडक कोण, तर आजोबा. तिचा हात लागलेलं अन्न ते खायचे नाहीत. त्यामुळे चोरूनही काही करता येईना.

"वाट लागली," बाबा म्हणाले.

"लागली नाही," पडवीतून आवाज आला. "तुम्ही दोघं करायचं. मी इथून सांगते."

बाबांनी तोवर आयुष्यात चहासुद्धा केला नव्हता. संध्याकाळी ते बाजारातून ताजा खिमा घेऊन आले, बनियनवर आईचा जुना पंचा गुंडाळला आणि ऑफिसातल्या साहेबासारखे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आई दाराच्या पलीकडून सांगत होती, मी करत होते आणि बाबा मधे मधे येत होते. कांदा बारीक चिरला, आलं-लसूण-मिरची वाटली, पाव दुधात भिजवून पिळला, कोथिंबीर घातली. मग मळायला बाबा पुढे सरसावले.

"किती मऊ हवं गं?" त्यांनी विचारलं.

"कानाची पाळी दाबून बघा. तेवढं."

बाबांनी खरंच दाबली, खिम्याने आणि मिरचीने माखलेल्या बोटांनी. पुढची पाच-दहा मिनिटं ते कान मोरीच्या नळाखाली धरून बसले होते आणि मी ओट्याला धरून हसत होते. पडवीत आईलाही हसू आवरेना. तिला काय झालं ते दिसलं नव्हतं, पण एवढ्या वर्षांच्या संसारानंतर दिसायची गरज नसावी.

पहिला कटलेट रव्यात घोळवून तव्यावर टाकला. दिसायला झकास. तो मी वरून, न शिवता, आईच्या ताटलीत सोडला. तिने तुकडा मोडला, चघळला आणि चघळतच राहिली.

"कोरडा ठणठणीत. चरबी कुठाय?"

"खाटकाला सगळी काढायला सांगितली," बाबा म्हणाले. "अण्णांना चरबी चालत नाही ना."

"अहो, ते दात होते तेव्हा." आईने ताटली बाजूला सारली. मग म्हणाली, "तुम्ही रश्शासाठी नळ्या आणल्यात ना?"

बाबांचा चेहरा पडला. नळीचे ते भयंकर शौकीन. आठवडाभर तिची वाट बघायचे. पण वडिलांसाठी त्यांनी मुकाट्याने नळ्या पाण्यात टाकल्या, जराशा उकळल्या आणि आतला मगज काढायला पाट्यावर ठोकू लागले. ठाण ठाण आवाज घरभर गेला.

"काय चाललंय रे?" बाहेरच्या खोलीतून आजोबा.

"पाटाचा खिळा ठोकतोय, अण्णा."

"एवढा मोठा खिळा?"

बाबा आणखीच जोरात ठोकू लागले. हसू दाबायला मी तोंडात फ्रॉकच कोंबला. चरबीऐवजी तो मगज खिम्यात मिसळला, कटलेट पुन्हा वळले, अंड्यात बुडवले, रव्यात घोळवले. मंद आचेवर ठेवले तेव्हा कडेने रस सुटून तव्यावर चुरचुरायला लागला. त्या वासाने मलाच वेड लागायची पाळी आली. दुसरा नमुना आईने तोंडात टाकला. या वेळी तिने चावलंच नाही, नुसतं डोळे मिटून "हं" म्हणाली.

"आता त्यांना बोलवू नका," तिने बजावलं. "बोलावलंत की नाही म्हणतील. पान मांडा आणि जेवायला बसा."

आम्ही बसलो. तिसरा पाट रिकामा. माझे कान बाहेर लागलेले. दूधभाताची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं.

"पाणी संपलं होतं," दारात उभे राहून आजोबा म्हणाले. त्यांचा तांब्या काठोकाठ भरलेला मला दिसत होता.

"मीठ कमी वाटतंय, अण्णा," बाबा ताटाकडेच बघत म्हणाले. "सांगता का जरा?"

आजोबा पाटावर टेकले. मी एक कटलेट त्यांच्या ताटात ठेवला. बोटाने दाबताच तो मोडला आणि आतून रस आला. त्यांनी डावा हात तोंडावर धरला आणि घास घेतला. आम्ही दोघं ताटात असे बघत होतो, जणू उद्या त्याची परीक्षा होती. बाबांचा लाल कान माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला फसकन हसू फुटलं. बाबाही फुटले. पडवीतून आईही. कशाला हसताय म्हणून विचारायला आजोबांनी तोंडावरचा हात काढला, आणि रस त्यांच्या हनुवटीवरून थेट सदऱ्यावर ओघळला. ते सदऱ्याकडे बघत राहिले. मग हसले, तोंड उघडं टाकून, सगळ्या हिरड्या दाखवत. तो हात पुन्हा वर गेला नाही.

मला इतका आनंद झाला, की मी त्यांच्या ताटात एकदम दोन वाढले. तेही त्यांनी संपवले.

"मग माळ?" बाबांनी हळूच विचारलं.

"पांडुरंग कधीचा विटेवर उभा आहे. अजून थोडा थांबेल." मग त्यांनी पडवीकडे तोंड करून आवाज चढवला. "सूनबाई, फार छान झालेत."

"मी हातसुद्धा लावला नाही, मामंजी."

"कळतं मला." त्यांनी हनुवटी पुसली आणि माझ्याकडे वळले. "उद्या सोमवार. उद्या काय, वरणभातच ना? असू दे. माझं पान इथेच मांड."