अंबूमावशीचं हरलेलं मत

"अक्का होदरु," एवढंच शांतम्मा फोनवर म्हणाली. अक्का गेल्या... अक्का म्हणजे माझी अंबूमावशी. शांतम्मा म्हणजे मावशीची चाळीस वर्षांची सोबतीण आणि तितकीच वर्षं भांडणारीसुद्धा. आठवड्यापूर्वीच मी बोगादीच्या माझ्या घरून मावशीला बघायला दवाखान्यात गेले होते. नव्या डॉक्टरनं मावशीला विचारलं, "आज्जी, काय करत होता?" जिनं म्हैसुरात बायकांची शिवण सोसायटी उभी केली ती म्हणाली, "करत होता काय? करते. सोसायटीची मेंबर आहे." गेलेल्या माणसाला हळवं करून टाकायची आपली रीत आहे. मला ते जमणार नाही. मावशी हळवी नव्हतीच.

आमच्या गल्लीत घरोघरी शिवण. विठ्ठलाच्या तसबिरीखाली मशीन, आणि दुकानाच्या पाटीवर नाव मात्र पुरुषाचं. काका गेल्यावर मावशी एका दुकानासाठी घरी बसून शिवायची. मशीन दुकानाचं. मजुरी वाढवून मागितली त्याच दिवशी मालकाची माणसं येऊन मशीन उचलून घेऊन गेली. मावशी दारात उभी राहून बघत होती. त्या महिन्यात तिनं गल्लीतल्या अकरा बायका गोळा केल्या, मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतल्या. प्रत्येकीचा भाग सारखा, प्रत्येकीला एक मत. जुनी पाच मशीनं घेतली, एका पडवीत मांडली आणि शाळेच्या गणवेशाचं काम मिळवलं.

काम नावारूपाला आलं तसे वॉर्डातले एक पुढारी आले, म्हणाले, स्वतःची मोठी खोली देतो, दहा नवी मशीनं देतो, फक्त अध्यक्ष माझी वहिनी होईल. मावशी तेव्हा अध्यक्ष होती, परस्पर नाही म्हणू शकली असती. तिनं सभा बोलावली. शांतम्मा उठून म्हणाली, "अक्का, तुमची खुर्ची जाते म्हणून आम्ही अंधाऱ्या पडवीत डोळे फोडायचे?" मावशीचा चेहरा उतरला. पण तिनं हात मोजले. सात विरुद्ध पाच, मावशी हरली. घरी येऊन माझ्या आईजवळ रडली आणि दुसऱ्या दिवशी नव्या खोलीत कोपऱ्यातल्या मशीनवर काजं करायला बसली. "सोडून का देत नाहीस?" आईनं विचारलं. "हरले म्हणून सोडू? मग मनासारखं झालं नाही की मशीन उचलून नेणाऱ्या त्या दुकानदारात न् माझ्यात काय फरक?"

निवडणूक आली. पुढाऱ्यांचा निरोप आला की सगळ्या बायकांनी झेंडे घेऊन मिरवणुकीत चालायचं. या वेळी पहिली उठली ती शांतम्मा. "आगल्ला," ती म्हणाली. जमणार नाही. आम्ही शिवायला आलो, मिरवायला नाही. दुसऱ्या सकाळी खोलीला कुलूप! बारा बायका दारात, आणि समोर पुढाऱ्यांचा माणूस किल्ली फिरवत. मावशी पुढे झाली. "तुमची दहा मशीनं तुम्हाला लखलाभ. आमची पाच बाहेर काढा." बघ्यांची गर्दी वाढली तशी त्यानं मुकाट्यानं दार उघडलं. मशीनचे स्टँड हातगाडीवर चढले. मशीनं मात्र बायकांनी तान्ह्या पोरांसारखी कडेवर घेतली आणि भर बाजारातून चालत निघाल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, रस्त्याच्या कडेला लाजून उभी. कुणीतरी ओरडलं, "मिरवणूक कुणाची हो?" शांतम्मानं उत्तर दिलं, "आमची!" त्या बायकांनी पुन्हा पडवी गाठली. 'मी सांगत होते ना' हे वाक्य मावशी त्या दिवशी बोलली नाही, नंतरही कधी नाही.

पुढे नोकरी लागल्यावर मी शहाणपणानं तिला म्हणायची, सहकार म्हणजे पुढाऱ्यांची शिडी गं, सगळीकडे तेच चाललंय. ती दोरा दातानं तोडत म्हणायची, "शिडी आपली असली तर चढणाऱ्याला खालीही ओढता येतं. दुकान आपलं नसलं तर नुसतं बघत राहायचं, दारात." ज्यांना हा भाबडेपणा वाटतो त्यांनी खुशाल हसावं. त्या पडवीनं तीन पिढ्यांच्या बायकांना कुणापुढे हात न पसरता जगवलं आहे.

मावशीचे दिवस झाल्यावर सोसायटीची सभा झाली. मलाही बोलावलं होतं. आता स्वतःची इमारत आहे, तिला मावशीचं नाव द्यावं असा ठराव शांतम्मानं मांडला. मसुदा माझा, चांगला भारदस्त. या सभेत सर्वांत नवी मेंबर सर्वांत आधी बोलते, ही मावशीनं लावलेली सवय. पिरियापट्टणहून आलेली एक तरुण मुलगी घाबरत उभी राहिली. "मी अक्कांना दोनदाच बघितलं," ती म्हणाली. "पण नाव नको. नाव लागलं की घर कुणा एकाचं होतं."

शांतम्मानं माझ्याकडे पाहिलं, मग हात मोजायला उठली. ठराव पडला. विरोधात वर झालेल्या हातांत शेवटचा हात शांतम्माचा होता.